ठकूचा उतार

पिसवाडीपाशी निवळी नदीचं पाणी इतकं नितळ आहे की तळाचा गोटा उचलायला हात घातला तर बाही कोपरापर्यंत भिजते आणि गोटा तरीही वीतभर खालीच राहतो. ही नदी नुसत्या पावसावर जगत नाही. वरच्या कड्याच्या पोटातून झरे फुटतात, त्यांची मिळून ती झाली आहे. म्हणून वैशाखातही तिचं पाणी हाताला गार लागतं. वाडीच्या अंगाला तिचा एक खोल कोंड आहे. कोंडाच्या काठाशी पाण्यातच एक काळा धोंडा उभा आहे आणि त्या धोंड्याला कमरेच्या उंचीवर एक खाच आहे. ती कुणी छिन्नीनं पाडलेली नाही, दोऱ्या घासून घासून पडली आहे. कोंडाच्या खाली नदी पसरते, उथळ होते, आणि तिथून चालत पैलाडला जाता येतं. पैलाड ही पलीकडच्या काठावरची वस्ती. त्या वाटेला ठकूचा उतार म्हणतात.

कोजागरी झाली की इथं खडस माशाचा हंगाम लागतो, तो शिमग्यापर्यंत चालतो. सोनेरी खवल्यांचा, अंगात रग असलेला हा मासा धरायला शहरातून लोक येतात. महागाच्या काठ्या घेऊन येतात, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून येतात. वाडीतले बाळकू आबा त्यांना पाण्यात उतरू देण्याआधी गळ मागून घेतात आणि त्याच्या टोकावरून अंगठा फिरवतात. टोकाला उलटा काटा लागला की खिशातली पक्कड पुढं करतात.

"हा मोडा."

"आबा, काटा नसला तर मासा सुटेल की!"

"सुटंल की. सुटायची सोय पायजेच."

पाहुणे हसतात, काटा दाबून मोडतात; गळ मात्र आबा आपल्यापाशीच ठेवतात. मग आबा त्यांना काठावर बसवतात आणि ठकूची गोष्ट सांगतात. गोष्ट ऐकल्याशिवाय इथं कुणाची दोरी पाण्यात पडत नाही.

फार मागं, असं सांगतात, या वाडीत हैबती नावाचा एक माणूस होता. गळ टाकण्यात त्याचा हात धरणारा दोन्ही काठांवर कुणी नव्हता. त्याची बायको आधीच गेली होती. एकुलता एक मुलगा तापानं गेला, तेव्हा मुलाच्या लग्नातला मांडवाचा बांबू अजून अंगणात पडून होता. घरात उरले दोघं, हैबती आणि त्याची सून ठकू. ठकूचं माहेर समोरच, पैलाडला. तिथं तिची आई सगुणा एकटी राहायची.

त्या काळी या नदीकाठी एक रीत होती म्हणे. नवरा गेलेल्या सुनेनं आपल्या पायांनी नदी ओलांडायची नाही. सासऱ्यानं तिचा हात धरायचा, उताराच्या पाण्यातून तिला पलीकडं न्यायचं, माहेरच्या काठावर उभं करायचं आणि हात सोडायचा. मग ती मोकळी. आईपाशी राहो, नाहीतर दुसरा पाट लावो. पण सासऱ्यानं हात धरेपर्यंत तिनं नदीत पाऊलसुद्धा घालायचं नाही. पाणी भरायचं ते काठावरून वाकून.

सुतक फिटलं तेव्हा ठकूनं आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं. हैबती म्हणाला, "एवढा हंगाम जाऊ दे, पोरी. शिमगा झाला की सोडतो."

ठकूनं गाठोडं फळीवर ठेवलं.

हैबती वाईट माणूस नव्हता, हे आबा आवर्जून सांगतात. त्यानं कधी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. माशाचा पहिला तुकडा तो ठकूच्या ताटात टाकायचा. दोघं जेवत असताना तो मुलाच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचा आणि त्या ऐकायला जगात ठकूशिवाय त्याला दुसरं कुणी नव्हतं. असा माणूस समोर असला की भांडता येत नाही. हीच तर अडचण होती.

पाण्यात जायचं नाही म्हणून ठकू पाण्याकडं बघत बसायची. दिवस दिवस बघायची. पाऊस ओसरून नदी निवळली की उन्हं तिरपी होताना पाण्यातून बारीक पांढऱ्या किडी उठतात, पंख वाळवायला क्षणभर पाण्यावरच बसतात, आणि तेवढ्यात खालून खडस येऊन त्यांना टिपतो. वाडीतले लोक तेव्हा गळाला गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावायचे. नितळ पाण्यात माशाला सगळंच दिसायचं, गळही आणि माणूसही. तो फिरकायचा नाही. ठकूनं एक दिवस कोंबड्याच्या मानेचं पीस घेतलं, ते दोऱ्यानं गळाला असं बांधलं की पाण्यावर ठेवताच कीडच उठल्यासारखं दिसावं, आणि सासऱ्याच्या हातात दिलं. त्या दिवशी हैबतीची टोपली भरली.

तिला वाटलं, सासरा खूश होईल आणि नेऊन सोडेल. तिथंच ती चुकली.

शिमगा आला. हैबती म्हणाला, "आता पावसाळ्याचं घर शाकारायचंय. मी एकटा काय काय बघू?" पाऊस सरला. "आता हंगाम तोंडावर आलाय गं. पिसं कोण बांधणार?" पुढचा शिमगा आला, त्याच्या पुढचा आला. लोक लांबून पिसाचे गळ बघायला येऊ लागले, वाडीला पिसवाडी म्हणू लागले. हैबती सगळ्यांना सांगायचा, "माझ्या सुनेच्या बोटांत जादू हाय." ठकू आत बसून ऐकायची. तिच्या बोटांचं जितकं कौतुक व्हायचं तितकी नदी रुंद व्हायची.

इथं पाहुण्यांतलं कुणीतरी, बहुधा एखादी तरुण मुलगी, उसळून विचारतं, "पण पाणी तर एवढंसंच आहे! ती सरळ चालत का गेली नाही?"

आबांना हा प्रश्न आवडतो. ते म्हणतात, गेली असती. पण एकटीनं नदी ओलांडणाऱ्या बाईला घरात घेतलं तर पैलाडचे लोक त्या घराचं पाणी तोडायचे. पाणवठा बंद, विस्तव बंद. म्हणजे ठकू गेली असती तर तिचं काही झालं नसतं, झालं असतं ते सगुणाचं. कुणीतरी मोठ्या हुशारीनं लावलेलं कुलूप होतं ते. चावी एकाकडं आणि पाय अडकलेला दुसऱ्याचा.

सगुणा रोज धुण्याच्या निमित्तानं पलीकडच्या काठावर यायची. ठकू इकडं घागर घेऊन यायची. मधून पाणी वाहायचं आणि दोघी वाहत्या पाण्यावरून ओरडून बोलायच्या.

"तुझ्या सासऱ्याचा हंगाम संपतोय का न्हाई गं?" सगुणा विचारायची. "माझा संपत आला!"

"असं बोलू नगंस, आये!"

"मग काय बोलू? दात गेलं, आता बोलण्याबिगर चावायला काय हाय मला?"

ठकू हसायची. मग म्हणायची, "आये, येऊ का? आत्ता येते बघ." आणि सगुणा दगडावर कपडा आपटायची थांबायची. "येऊ नगंस. धरून आणल्याबिगर येऊ नगंस. म्हाताऱ्या बाईनं उतारवयात दुसऱ्या गावाला पाणी मागत फिरायचं का?"

कोंडात खडसाची एक फार मोठी मादी होती. वाडीतले लोक तिला थोरली म्हणायचे. कुणी म्हणायचं ती झऱ्यांची राखण करते, कुणी म्हणायचं ती आजोबांच्याही वेळेपासून आहे. हैबतीनं तिला पिसाच्या गळानं अनेकदा ओढून काठाशी आणलं होतं आणि दर वेळी तोंडाला झटका देऊन ती सुटून गेली होती. त्या काळी गळ साधे असायचे, वाकवलेल्या सुईसारखे. एका वर्षी हैबतीच्या मनानं घेतलं. तो लोहाराकडं गेला आणि गळाच्या टोकाला आतल्या अंगानं एक उलटा काटा काढून घेऊन आला. असा गळ या नदीवर कुणी पाहिला नव्हता.

"ह्यो काटा उलटा कशापायी?" ठकूनं विचारलं.

"आत जातो, भाईर येत न्हाई."

"आणि तिनं वढ घेतली तर?"

"घेऊ दे की! जितकी वढंल तितकी रुतंल." हैबती पोरासारखा हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं गळ तिच्या हातात ठेवला. "ठकू, ह्याला तुझ्या हातचं सगळ्यात चांगलं पीस बांध. थोरली हाताला लागली ना, की दुसऱ्या दिवशी मी तुला पलीकडं नेतो. नदीची आण हाय मला."

नदीची आण त्यानं याआधी कधी घेतली नव्हती. ठकूनं त्या रात्रीपासून गळ बांधायला घेतला. मानेचं पीस तिला पुरेसं हलकं वाटेना. खंड्या पक्ष्याचं गळून पडलेलं पीस तिनं काठावरून शोधून आणलं, त्याचे तंतू ओल्या बोटांनी वेगळे केले, मेणाच्या दोऱ्यानं असे गुंडाळले की गाठ कुठं सुरू होते आणि कुठं संपते ते तिलाच माहीत. बांधता बांधता तो काटा तिच्या बोटात एकदा रुतला. काढताना रक्त आलं. तरी तिनं गाठी सैल ठेवल्या नाहीत. आपण थोरलीच्या गळ्याला फास लावतोय हे तिला कळत होतं. पण त्या फासाच्या दुसऱ्या टोकाला तिची आई होती.

हैबतीनं दोरीही तशीच केली. अंबाडीचे धागे पिळून पिळून दुहेरी केले आणि टेंभुर्णीच्या फळांच्या रसात भिजवून वाळवले. "बैल बांधला तरी तुटायची न्हाई," तो म्हणाला. थोरलीनं मागं त्याच्या हातातून दोरी हिसकावली होती, म्हणून या खेपेला दोरीचं टोक मनगटालाच बांधायचं त्यानं ठरवलं.

कोजागरीच्या संध्याकाळी ठकू घागर घेऊन नदीवर गेली. सगुणा सकाळीही आली नव्हती, आताही आली नाही. आईची खोपटी बांबूच्या बेटाआड होती, इकडून दिसायची नाही. दिसायचा तो फक्त चुलीचा धूर. बेटावर धूर नव्हता. तिनं अंधार पडेपर्यंत वाट पाहिली आणि घरी आल्या आल्या म्हणाली, "मामंजी, मला आत्ता पलीकडं न्या. आयेची चूल पेटली न्हाई."

हैबती दोरीला शेवटचा हात फिरवत होता. "वली असतील लाकडं."

"सकाळीबी पेटली न्हाई."

"उद्या हंगाम लागतोय, पोरी. उद्याचा दिस जाऊ दे. थोरली आली की मीच नेतो म्हटलंय न्हवं? आण घेतलीय." आणि तो तिच्याकडं न बघता म्हणाला, "एक दिसानं काय हुतंय?"

 ठकूनं फळीवरचं गाठोडं खाली घेतलं आणि उशाला ठेवलं.

सकाळी हैबती लवकर गेला. बांबूच्या बेटावर तेव्हाही धूर नव्हता. न्याहारीच्या वेळी ठकूनं भाकरी बांधून घेतली, परतताना शेळीला पाला कापून आणावा म्हणून विळा कमरेला खोचला आणि ती कोंडाकडं निघाली. वरच्या रानावर आभाळ काळं झालं होतं. परतीचा पाऊस तिकडं धरला होता.

कोंडाशी पोचल्यावर आधी तिला हैबतीचं मुंडासं दिसलं, काठावर ठेवलेलं, आणि त्याच्या शेजारी त्याचा कोयता. मग तो दिसला. काळ्या धोंड्याच्या पलीकडं तो छातीएवढ्या पाण्यात उभा होता, डावा हात खाली खेचलेला, मान एका बाजूला. ओठ निळे पडले होते. थोरलीनं गळ घेतला होता. तिनं एकाच ओढीत त्याला काठावरून पाण्यात ओढलं होतं आणि धोंड्याला फेरा घेऊन ती खालच्या कपारीत शिरली होती. दोरी धोंड्याच्या कडेला घट्ट बसली होती. पाण्यानं मनगटावरची गाठ फुगली होती, मनगट सुजलं होतं. तुटणार नाही अशी दोरी तुटली नव्हती. सुटणार नाही असा काटा सुटला नव्हता. थोरलीनं ओढ घेतली की हैबती हनुवटीपर्यंत पाण्यात जायचा. ती थांबली की तो पुन्हा ताठ व्हायचा. एका दोरीची दोन टोकं, आणि दोघांनाही जायला वाट नाही.

"पोरी!" त्यानं तिला पाहिलं. आवाज पार बसला होता. "कवाधरनं हाका मारतोय गं! विळा आणलास? ये, काप ही!"

ठकू धावली. विळा तिच्या हातात होता. आणि पाण्याच्या कडेला येताच तिचे पाय थांबले.

तिनं ते थांबवले नव्हते. तिच्या मनात तेव्हा राग नव्हता, काहीच नव्हतं, असं सांगतात. इतकी वर्षं ते पाय ज्या रेषेवर थांबायला शिकले होते त्याच रेषेवर ते थांबले.

"ये की!"

"कशी येऊ, मामंजी?"

हैबतीनं तिच्या पायांकडं पाहिलं. मग त्याला कळलं. त्यानं उजवा हात तिच्याकडं लांब केला, बोटं ताणली. हात पोचत नव्हता.

"विळा फेक माझ्याकडं."

"तळाला गेला तर?" ठकू म्हणाली. "तुमचा कोयताबी हितंच हाय. दोन्ही फेकू आणि दोन्ही बुडाले तर कशानं कापू?"

"मग उतर! रीत गेली चुलीत!"

"कुणी सांगितलं?"

"मी सांगतोय न्हवं!"

"मला सांगून काय उपयोग? पाणी तुटायचं ते माझ्या आयेचं."

थोरलीनं ओढ घेतली. हैबती खाली गेला, पाणी त्याच्या तोंडात शिरलं, तो खोकत वर आला. "सोडव गं," तो म्हणाला. "ठकू, सोडव मला. तुझ्या पाया पडतो."

आणि मग, म्हणे, ठकूच्या तोंडून ते वाक्य निघालं. तिनं ते ठरवलं नव्हतं. इतक्या वेळा कानावर पडलं होतं की ते आपोआप आलं, सासऱ्याच्याच सुरात, तितक्याच मायेनं.

"एवढा हंगाम जाऊ द्या, मामंजी."

  हैबती तिच्याकडं बघत राहिला आणि ती त्याच्याकडं. त्याच्या ओठांची थरथर थांबेना. गारठ्यानं की कशानं, ते कुणी सांगू शकत नाही.

तेवढ्यात ठकूला पाण्यात एक लाल दोरा दिसला. नितळ पाण्यातून वरून खाली येणारी गढूळ पाण्याची बारीक रेघ. ती बघता बघता बोटाएवढी झाली, हाताएवढी झाली. वरच्या रानातलं पाणी उतरायला लागलं होतं. हैबतीच्या छातीवरचं पाणी खांद्याला लागलं.

"पैलाडकडं तोंड करा," ठकू म्हणाली. आता तिचा आवाज कापत होता. "मला सांगू नगा. तिकडं सांगा. मोठ्यानं."

त्यानं मान वळवली. "माझी सून..."

"ऐकू न्हाई गेलं!"

"माझी सून मोकळी हाय!"

"अजून! माझ्या आयेला ऐकू जाऊ दे!"

हैबतीनं सगळा श्वास गोळा केला. "माझी सून मोकळी हाय!" तो ओरडला, आणि पुढचं तिनं सांगितलं नव्हतं, "तिला दुसऱ्या कुणी बांधली न्हाई, मीच अडकवलीया! मी!"

समोरच्या कड्यानं ते उचललं आणि परत टाकलं. मी, मी, मी.

ठकूनं पाऊल पाण्यात घातलं. ज्या पाण्याकडं ती वर्षानुवर्षं बघत होती, त्याचा पायांना होणारा स्पर्श तिला आठवत नव्हता. ते इतकं गार होतं की तिच्या तोंडून किंकाळी फुटली. धोंड्याला धरून ती त्याच्यापर्यंत गेली, त्याचं मनगट पकडलं आणि गाठीशी विळा लावला. टेंभुर्णीच्या रसात मुरलेले धागे एकेक करून तुटले. शेवटचा तुटला तसा हैबती धोंड्यावर आडवा झाला.

दोरीचं कापलेलं टोक कपारीकडं सरसरत निघालं. ठकूनं झडप घालून ते धरलं.

"जाऊ दे तिला!" हैबती ओरडला. "पाणी चढतंय!"

"जाईल कशी? दोरी कपारीत, तोंडात काटा. तुम्ही सुटला, ती कुठं सुटली?"

तिनं श्वास धरला आणि ती दोरीवरून हात नेत खाली गेली. असं सांगतात की थोरली तेव्हा हलली नाही. दमली असेल, नाहीतर तिनं हात ओळखला असेल. ठकूनं चाचपत आपलीच गाठ शोधली. कुठं सुरू होते ते तिलाच माहीत होतं. तिनं दोरा उलगडला, गळ दोरीपासून मोकळा झाला, खंड्याचं पीस सुटून वर गेलं. नागडा झालेला गळ मागं ओढला असता तर जबडा फाटला असता. तिनं तो पुढं ढकलला, काट्यासकट ओठातून आरपार काढला. मग तिच्या हातांमध्ये काहीतरी मोठं, जिवंत, क्षणभर तसंच राहिलं. आणि मग तिचे हात रिकामे होते.

ती वर आली तेव्हा हैबती काठावर बसला होता, काखेत हात घालून कुडकुडत. तिनं गळ त्याच्यासमोर दगडावर ठेवला. साडी पिळली नाही, केस पुसले नाहीत, ती तशीच उताराकडं चालू लागली.

"ठकू," तो मागून म्हणाला. "भाकर खाऊन जा की गं."

"तुमचीच हाय ती. खावा."

उताराचं पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं, लाल झालं होतं. ती कुणाचा हात न धरता गेली. तिच्या मागं बघण्यासारखं काही नव्हतं, गाठोडंसुद्धा तिनं घेतलं नव्हतं.

आईच्या खोपटीच्या दारात शेजारीण बसली होती. चूल सारवलेली होती. शेजारणीनं ठकूला चिंब भिजलेलं पाहिलं, एकटं पाहिलं, आणि ती उठून उभी राहिली.

"काल पहाटंच गेली गं," ती म्हणाली. "निरोप धाडणार हुतो. पण तुला आणणार कोण?"

ठकू उंबऱ्यावर बसली.

"आत्ता ऐकलं आम्ही," शेजारीण म्हणाली. "समद्या पैलाडनं ऐकलं, तू मोकळी झालीस ते. समद्यांनी ऐकलं, पोरी."

ज्या एका बाईला ऐकू जावं म्हणून तिनं ते ओरडायला लावलं होतं, तेवढी सोडून.

ठकू मग पैलाडलाच राहिली. आईच्या चुलीत तिनं विस्तव घातला. त्या घराचं पाणी कुणी तोडलं नाही. इकडं हैबतीनं त्या हंगामात पुन्हा गळ टाकला नाही. तो दारात बसून कानस घेऊन त्या गळाचा उलटा काटा घासायचा. शेजारी हसायचे, "हैबतीबा, एवढ्याशा काट्याला केवढा येळ!" तो म्हणायचा, "लई खोल गेला हुता."

पुढच्या वर्षी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी वाडीतले लोक हंगाम लावायला त्याला बोलवायला आले. मान त्याचाच होता. हैबती आला, पाण्यात उतरला, आणि लोकांच्या समोर त्यानं दोरी धोंड्याला फिरवून आपल्या मनगटाला बांधली. "माझ्याकडनं जिचं काही सुटायचं ऱ्हायलंय," तो म्हणाला, "तिनं कापावी. तवर हंगाम न्हाई."

लोक म्हणाले, म्हाताऱ्याला वेड लागलं. त्याच्या घरात आता होतं कोण कापायला? उन्हं चढली, कलली. हैबती उभाच. कुणीतरी कोयता घेऊन पुढं झाला तर त्यानं त्याला हातानं मागं सारलं. तेव्हा पलीकडून ठकू आली. कुणी बोलावलं नव्हतं. उतारातून ती चालत आली, कोंडात उतरली.

"काटा काढला?" तिनं विचारलं.

हैबतीनं उजवी मूठ उघडली. तळहातावर गळ होता, गुळगुळीत. ठकूनं त्यावरून अंगठा फिरवला, मग विळ्यानं दोरी कापली आणि आल्या वाटेनं ती परत गेली. त्या घरात ती पुन्हा कधी जेवली नाही. पण दर वर्षी, हैबती जिवंत होता तोवर, दोरी कापायला मात्र आली.

आजही कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी पिसवाडीच्या प्रत्येक घरातला कर्ता पुरुष दोरी धोंड्याच्या खाचेतून फिरवून मनगटाला बांधून घेतो आणि पाण्यात उभा राहतो. त्याच्या घरातली बाई काठावर विळा घेऊन येते. बायको, बहीण, सून, लेक, जिचं जे "पुढच्या वर्षी बघू" म्हणून राहिलं असेल ते ती सगळ्यांसमोर सांगते. आणि त्यानं पैलाडकडं तोंड करून मोठ्यानं उत्तर द्यायचं असतं. पलीकडच्या काठावर सगळं पैलाड जमलेलं असतं. कुणी पुटपुटला की तिकडून कालवा होतो, "ऐकू न्हाई आलं! पुन्यांदा!" पोरं शिट्ट्या मारतात. कुणी न्हाणीघर मागतं, कुणी माहेरची दिवाळी. मागं एका पोरीनं कराडला नर्सिंगला जायचं मागितलं होतं, आणि तिच्या बापानं तीनदा ओरडून हो म्हटल्यावर तिकडच्यांनी ते मान्य केलं. उत्तर आलं की दोरी कापतात. नाही आलं तर विळा खाली राहतो आणि माणूस पाण्यात राहतो. बाई काठावर बसून घेते. तिला घाई नसते.

गेल्या वर्षी एक जण उन्हं कलेपर्यंत उभा होता, असं आबा सांगतात. नाव सांगत नाहीत.

"एवढं काय मोठं मागितलं होतं तिनं?" पाहुणे विचारतात.

 आबा पाहुण्यांना उठवतात, उतारापाशी आणतात आणि पाण्यात उतरायला लावतात. पलीकडच्या काठापर्यंत जाऊन परत या म्हणतात. लोक जातात, येतात. वेणी घालायला लागेल तेवढाही वेळ लागत नाही.

"पाणी कुठवर आलं?"

"गुडघ्यापर्यंत."

"तवाबी तेवढंच हुतं," आबा म्हणतात, आणि गळ परत करतात.